अमेरिकेत कॉलेज निवडताना राज्याचा गर्भपात कायदा कसा तपासायचा

अमेरिकेतल्या कॉलेजांची तुलना करायला मराठी घरांत जो तक्ता बनतो, त्यात फी, रँकिंग, विभाग, थंडी आणि जवळपास नात्यातलं कोण राहतं, एवढे रकाने हमखास असतात. २४ जून २०२२ नंतर त्यात आणखी एक रकाना लागतो. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात, गर्भपाताचा हक्क देशभर देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल रद्द केला आणि गर्भपाताचा विषय राज्यांच्या हाती गेला. गॅलप आणि लुमिना फाउंडेशन यांच्या त्याच वर्षीच्या पाहणीत कॉलेजात शिकणाऱ्यांपैकी ७२ टक्के जणांनी सांगितलं की तिथे शिकत राहायचं की नाही हे ठरवताना राज्यातले असे कायदे आपल्याला थोडेफार तरी महत्त्वाचे वाटतात.

भारतातून मुलीला पाठवणाऱ्या घरांचा इथे एक गोंधळ होतो. भारतात १९७१ चा कायदा देशभर एकच आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक गटांतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, आणि सप्टेंबर २०२२ च्या निकालाने त्यात अविवाहित मुलीही आल्या. पुण्यात जे कायदेशीर आहे ते नागपुरातही आहे. अमेरिकेत नदीवरचा पूल ओलांडला की कायदा बदलतो.

तरी नकाशावरची राज्यं लाल पेन्सिलने खोडून टाकणं हा आळशी उपाय आहे. एकाच कायद्याखालच्या दोन कॉलेजांमध्ये प्रत्यक्षातली अडचण दहापट वेगळी असू शकते. म्हणून राज्य पाहून थांबू नका, कॅम्पस तपासा. नीट केलं तर दर कॉलेजमागे दोन तास पुरतात, आणि यादी आठ-दहा कॉलेजांवर आल्यावरच हे करा.

पहिली पायरी: राज्य कोणत्या गटात आहे

२०२५ च्या अखेरची स्थिती अशी आहे. जवळजवळ संपूर्ण बंदी: अलाबामा, आर्कान्सा, आयडाहो, इंडियाना, केंटकी, लुइझियाना, मिसिसिपी, ओक्लाहोमा, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वेस्ट व्हर्जिनिया, आणि नोव्हेंबर २०२५ च्या न्यायालयीन निकालानंतर पुन्हा नॉर्थ डकोटा. सुमारे सहा आठवड्यांची मर्यादा: फ्लोरिडा (१ मे २०२४ पासून), जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, आयोवा. बारा आठवडे: नॉर्थ कॅरोलायना आणि नेब्रास्का. युटामध्ये अठरा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, वॉशिंग्टन ही राज्यं संरक्षण देणाऱ्या बाजूला आहेत. मिशिगन (२०२२), ओहायो (२०२३) आणि ॲरिझोना (२०२४) इथल्या मतदारांनी हा हक्क राज्यघटनेत घातला आहे. मिसूरी अधांतरी आहे: २०२४ मध्ये मतदारांनी हक्क दिला आणि २०२६ मध्ये तोच हक्क काढून घेण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला येतो आहे.

आठवडे मोजण्याची पद्धत आधी समजून घ्या, कारण घोळ बहुतेक इथेच होतो. मोजणी संबंधाच्या दिवसापासून होत नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. २८ दिवसांचं चक्र असेल तर पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. म्हणजे ‘सहा आठवडे’ या मर्यादेत हातात उरतात जेमतेम दोन. पीसीओडी असलेल्या मुलीची पाळी एरवीच दीड-दोन महिन्यांनी येते. तिला संशय येईपर्यंत मर्यादा उलटून गेलेली असते. आपल्याकडे पीसीओडीचं प्रमाण कमी नाही, त्यामुळे अशा मुलीसाठी जॉर्जिया किंवा फ्लोरिडा ही व्यवहारात संपूर्ण बंदीचीच राज्यं समजा.

दुसरी पायरी: अपवाद वाचा, आणि तातडीच्या प्रसंगाचं काय ते पाहा

प्रत्येक बंदीत आईचा जीव वाचवण्याचा अपवाद असतो. त्यापुढे फरक सुरू होतात. टेक्सास, टेनेसी, अलाबामा, आर्कान्सा, केंटकी, लुइझियाना, ओक्लाहोमा आणि साउथ डकोटा इथे बलात्कारातून राहिलेल्या गर्भालाही अपवाद नाही. इंडियानात तो फलनापासून दहा आठवड्यांपर्यंत आहे. जॉर्जियात पोलिसांकडे तक्रार नोंदवलेली असावी लागते, आयडाहोतही तसंच. कॅम्पसवरच्या अत्याचारानंतर किती मुली पहिल्याच आठवड्यात पोलिसांकडे जातात याचा विचार करून हे अपवाद वाचा.

गर्भपात करायचाच नाही अशा घरांनीही हा भाग गाळू नये. मूळची बेळगावची डॉ. सविता हलप्पनवार ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथे मरण पावली. मूल तिला हवंच होतं. सतराव्या आठवड्यात गर्भ आपोआप पडू लागला होता, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबून राहिले आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. २०१८ मध्ये आयर्लंडने सार्वमत घेऊन बंदीचं घटनाकलम काढलं. अमेरिकेतल्या बंदीच्या राज्यांत आज नेमकी हीच कोंडी आहे. कायद्याच्या मजकुरात परवानगी असते, पण टेक्साससारख्या राज्यात डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान एक लाख डॉलर दंड होऊ शकतो. ‘जीव धोक्यात’ कधीपासून म्हणायचं हे वकिलाला विचारून ठरतं आणि क्युरेटिनला (गर्भाशय साफ करायला) उशीर होतो. २०२५ मध्ये टेक्सासने अपवादाची भाषा थोडी स्पष्ट केली, हे खरं. आणीबाणीच्या रुग्णाला स्थिर करणं रुग्णालयांना बंधनकारक करणारा १९८६ चा संघीय कायदा अजून जागेवर आहे. पण त्यात गर्भपातही येतो असं सांगणारं २०२२ चं मार्गदर्शन केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मागे घेतलं.

तेव्हा कॅम्पसजवळचं रुग्णालय तपासा. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं मोठं रुग्णालय पाऊण तासाच्या आत आहे का? तिथे चोवीस तास स्त्रीरोगतज्ज्ञ असतात का? लहान गावांतले प्रसूती विभाग बंद पडताहेत: आयडाहोतल्या सँडपॉइंट गावच्या बॉनर जनरल रुग्णालयाने मार्च २०२३ मध्ये आपला प्रसूती विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कारणांत राज्यातलं कायद्याचं वातावरणही नोंदवलं. आणखी एक गोष्ट सुटून जाते. कॅथलिक संस्थांची रुग्णालयं आपले धार्मिक नियम पाळतात, मग राज्याचा कायदा कितीही मोकळा असो.

मुलीला चार लक्षणं पाठ हवीत. तासाला दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव सलग दोन तास, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पोटात एका बाजूला असह्य दुखणं, चक्कर येऊन पडणं. यातलं काहीही झालं तर हेल्थ सेंटर उघडायची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जायचं. गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भावरचा उपचार बंदीच्या राज्यांतही कायदेशीर आहे, हे माहीत असलं तर तिथे ठामपणे बोलता येतं.

तिसरी पायरी: सीमेपर्यंतचं अंतर मोजा

हा सगळ्यात उपयोगी रकाना आहे आणि बहुतेक जण नेमका हाच भरत नाहीत. मॉस्को इथलं आयडाहो विद्यापीठ कडक बंदीच्या राज्यात आहे, पण आठ मैलांवर पुलमन आहे आणि ते वॉशिंग्टन राज्यात येतं. पर्ड्यू विद्यापीठ इंडियानात, पण तिथून इलिनॉयमधलं शँपेन सुमारे ९० मैल आणि शिकागो सव्वाशे. टेक्सासमधल्या एल पासो शहराला तर न्यू मेक्सिको राज्य लागूनच आहे. नॉक्सव्हिलहून व्हर्जिनियातलं ब्रिस्टल सव्वाशे मैलांच्या आत.

याउलट डॅलसहून कॅन्ससमधलं विचिटा साडेतीनशे मैलांपेक्षा जास्त, कॉलेज स्टेशनहून पाचशेच्या वर, ह्यूस्टनहून सुमारे सहाशे. अटलांटाहून शार्लट अडीचशे मैल आहे, पण ते नॉर्थ कॅरोलायनात येतं. तिथे बारा आठवड्यांची मर्यादा आहे आणि प्रत्यक्ष समुपदेशनानंतर ७२ तास थांबावं लागतं. म्हणजे दोन फेऱ्या किंवा चार दिवस हॉटेल. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलहून तेच शार्लट साडेचारशे मैल. नकाशावर ‘शेजारचं राज्य’ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. शेजारच्या राज्याची मर्यादा आणि थांबायला लावणारा काळ, दोन्ही लिहून काढा.

अंतरानंतर वाहन. पहिल्या वर्षी गाडी नसते. भाड्याची गाडी २१ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि २५ च्या आत असेल तर रोजचा जादा आकार लागतो. तेव्हा विमान किंवा बस हेच खरे पर्याय, आणि विमानतळापर्यंत कॉलेजची शटल जाते का हेही तपासायला हवं. मेक्सिको सीमेजवळच्या टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या रस्त्यांवर सीमा पोलिसांच्या आतल्या चौक्या आहेत. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्ट आणि आय-२० (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला दाखला) बरोबर ठेवल्याशिवाय तिथून जाऊ नये.

खर्चाचा आकडाही याच रकान्यात. सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात विम्याशिवाय साधारण ५०० ते ८०० डॉलर, दुसऱ्या तिमाहीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यात तिकीट, दोन रात्री आणि बरोबर येणाऱ्या मैत्रिणीचा खर्च धरला तर टेक्सासच्या मध्यभागी शिकणाऱ्या मुलीकडे दोन हजार डॉलर हाताशी असायला हवेत. हे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात, डेबिट कार्डावर असावेत. गरज पडल्यावर घरी मागावे लागले तर दोन आठवडे मागू की नको यातच जातात.

चौथी पायरी: हेल्थ सेंटरला लेखी विचारा

राज्य मोकळं असलं म्हणजे कॅम्पसवर सोय असतेच असं नाही, आणि उलटही खरं. कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्याने जानेवारी २०२३ पासून यूसी आणि कॅल स्टेट या राज्याच्या दोन सरकारी विद्यापीठांच्या सर्व कॅम्पसच्या हेल्थ सेंटरमध्ये गोळ्यांनी गर्भपाताची सोय बंधनकारक आहे. न्यूयॉर्कने २०२३ मध्ये सुनी (राज्याचं विद्यापीठ) आणि क्युनी (न्यूयॉर्क शहराचं विद्यापीठ) यांच्या कॅम्पसना ही सोय करण्याची किंवा बाहेर पाठवण्याची जबाबदारी दिली. मॅसॅच्युसेट्सने २०२२ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांकडून त्यासाठीचे आराखडे मागवले. मात्र त्याच राज्यांतल्या अनेक कॅथलिक विद्यापीठांत गर्भनिरोधक गोळ्याही मिळत नाहीत, आणि विद्यार्थी विम्यातून गर्भपात वगळलेला असतो.

दुसऱ्या टोकाला सरकारी विद्यापीठांतल्या कर्मचाऱ्यांच्या तोंडावरची बंधनं. सरकारी पैसा गर्भपाताच्या कामी वापरायला मनाई करणाऱ्या राज्याच्या कायद्यामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये आयडाहो विद्यापीठाच्या वकिलांनी कर्मचाऱ्यांना लेखी कळवलं की गर्भपाताच्या बाजूने सल्ला दिलात तर फौजदारी गुन्हा होऊ शकतो. निरोधसुद्धा गर्भनिरोधासाठी म्हणून नव्हे, रोग टाळण्यासाठी म्हणून द्यावेत, असंही त्यात होतं. अशा कॅम्पसवर समुपदेशक गप्प बसला तर त्यामागे त्याची अनास्था असेलच असं नाही, त्याची नोकरी पणाला लागलेली असते. मुलीला हे आधीच माहीत हवं, म्हणजे ती माहितीसाठी बाहेरचा दवाखाना गाठेल. खासगी विद्यापीठांवर सरकारी पैशांचे हे नियम लागत नाहीत, फौजदारी कायदा मात्र त्यांनाही लागू असतोच.

ईमेल पालकांच्या पत्त्यावरून पाठवा, मुलीचं नाव घालू नका. प्रश्न एवढे:

- तांबी किंवा हार्मोनची आययूडी कॅम्पसवरच बसवता का, आणि भेटीची वेळ किती दिवसांनी मिळते?
- तातडीची गर्भनिरोधक गोळी रात्री किंवा शनिवार-रविवारी कुठे मिळते? कॅम्पसवरच्या व्हेंडिंग मशीनमध्ये ठेवली आहे का?
- गर्भधारणेची तपासणी झाल्यावर पुढच्या सर्व पर्यायांची माहिती देता का?
- कॅम्पसवर न होणाऱ्या उपचारांसाठी कुठे पाठवता?
- अत्याचारानंतरची वैद्यकीय तपासणी जवळ कुठे होते, आणि तिथपर्यंत कोण नेतं?

उत्तर काय आलं यापेक्षा ते कसं आलं हे जास्त सांगून जातं. तिसऱ्या प्रश्नाला बगल देऊन ‘आमच्या संकेतस्थळावर पाहा’ असं आलं, तर त्या कॅम्पसवर हा विषय कसा हाताळला जातो ते कळलं.

पाचवी पायरी: विमा

इथे पैशांचं सर्वात जास्त नुकसान होतं. पर्याय तीन: पालकांच्या विम्यावर २६ वर्षांपर्यंत राहणं, कॉलेजचा विद्यार्थी विमा घेणं, किंवा भारतातून घेतलेला स्वस्त परदेश-शिक्षण विमा.

पालकांचा विमा एचएमओ प्रकारचा (ठरावीक भागातल्या ठरावीक डॉक्टरांपुरता) असेल तर दुसऱ्या राज्यात बहुधा फक्त आणीबाणीच धरली जाते. न्यू जर्सीच्या पालकांची मुलगी जॉर्जियात शिकत असेल तर साधी स्त्रीरोगतज्ज्ञाची भेटही खिशातून. पीपीओ (डॉक्टर निवडायची जास्त मुभा देणारा) असेल तर कॉलेजच्या पिनकोडवर नेटवर्कमधले डॉक्टर शोधून पाहा, आणि शेजारच्या राज्यातल्या ज्या शहरात जावं लागेल त्या शहरासाठीही तोच शोध घ्या. टेक्सास आणि ओक्लाहोमासारख्या राज्यांत खासगी विम्यातही गर्भपाताला मोठी बंधनं आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, वॉशिंग्टन इथे तो राज्याच्या कक्षेतल्या विम्यात घालणं सक्तीचं आहे. कंपनी स्वतःच्या पैशातून चालवते त्या विम्याला राज्याचे हे विमा-नियम लागत नाहीत, म्हणून ऑफिसातल्या एचआरला योजनेचा सविस्तर दस्तऐवज मागा. पानभर सारांशात ही गोष्ट क्वचितच लिहिलेली असते.

उपचारानंतर विमा कंपनी हिशेबाचा कागद पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला पाठवते, म्हणजे बाबांना. मुलीला ते माहीत असतं, म्हणून ती विमा वापरायचं टाळते आणि रोख पैसे भरते किंवा जातच नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत हा कागद तिच्याच पत्त्यावर मागवता येतो. तसं करून ठेव, असं पालकांनीच तिला सांगितलं तर बरं.

भारतातला स्वस्त विमा घेताना अपवादांचं पान वाचा. गर्भधारणा, आपोआप गर्भपात आणि त्यातून उद्भवणारा कोणताही त्रास बहुतेक अशा पॉलिसींत वगळलेला असतो. वर्षाला हजार-दीड हजार डॉलर वाचवायला कॉलेजचा विमा नाकारायचा आणि मग क्युरेटिनसाठी इमर्जन्सीचं पाच आकडी बिल भरायचं, असा हा व्यवहार होतो. विमा नाकारण्याची मुदत बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपते. ती चुकली की वर्षभराचे पैसे फीमध्ये लागतात.

शिक्षणासाठीच्या ५२९ खात्यातून विम्याचे किंवा उपचाराचे पैसे करमुक्त निघत नाहीत. एचएसएमधून (आरोग्यखर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यातून) मात्र कायदेशीर गर्भपाताचा आणि त्यासाठीच्या प्रवासाचा खर्च निघतो, राहण्याचा माणशी रात्रीला ५० डॉलरपर्यंत. अट एवढी की मुलगी करासाठी तुमच्यावर अवलंबून असावी.

विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलींसाठी

भारतातून गोळ्यांचं पाकीट सामानात देऊ नका. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळणारा गर्भपाताच्या गोळ्यांचा संच तिकडे वेगळ्याच कलमात जातो. लुइझियानाने ऑक्टोबर २०२४ पासून मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही दोन्ही औषधं नियंत्रित पदार्थांच्या यादीत टाकली आहेत. गर्भवतीला स्वतःसाठी बाळगल्यास सूट आहे, पण तिच्या रूममेटला ती नाही. टेक्सासच्या डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने या गोळ्या पुरवणाऱ्यावर कोणीही खासगी व्यक्ती किमान एक लाख डॉलरचा दावा लावू शकते. बहुतेक बंदींचे कायदे खुद्द स्त्रीला शिक्षा देत नाहीत. पण व्हिसावर असलेल्या व्यक्तीवर कोणताही फौजदारी आरोप आला की इमिग्रेशनचा प्रश्न उभा राहतो, आणि आरोप दुसऱ्याच कलमाखाली लागू शकतो. अशा वेळी पोलिसांशी बोलण्याआधी वकील.

आय-पिलच्या जातीची तातडीची गोळी वेगळी. ती गर्भपात करत नाही आणि पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, चिठ्ठीशिवाय, वयाची अट न ठेवता. ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. वजन ७५ किलोच्या वर असेल तर तिचा परिणाम कमी होतो. तिथे १२० तासांपर्यंत चालणारी युलिप्रिस्टल गोळी किंवा तांबी हे जास्त खात्रीचे पर्याय आहेत, पण युलिप्रिस्टलला चिठ्ठी लागते. रोजची गर्भनिरोधक गोळीही ‘ओपिल’ या नावाने २०२४ पासून चिठ्ठीशिवाय मिळते.

आजारपणामुळे विषय सोडावे लागले आणि पदवीच्या विद्यार्थिनीचे क्रेडिट बाराच्या खाली गेले तर व्हिसाची स्थिती मोडते. त्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओकडून (विद्यार्थी व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून) वैद्यकीय कारणासाठी कमी भार मंजूर करून घ्यायचा. डॉक्टरच्या पत्रात ‘वैद्यकीय कारणास्तव कमी अभ्यासभार सुचवतो’ एवढंच पुरतं, निदान लिहायची गरज नाही. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी विषय सोडले आणि मग परवानगी मागितली, तर दुरुस्ती फार अवघड जाते.

वयही पाहा. काही मुली सतराव्या वर्षीच पहिल्या सत्राला जातात. अठरा पूर्ण होईपर्यंत अनेक राज्यांत पालकांची संमती लागते, आणि आयडाहोत पालकांना अंधारात ठेवून अल्पवयीन मुलीला मदत करणाऱ्यावर गुन्हा नोंदवणारा २०२३ चा कायदा आहे.

शिष्यवृत्तीचा पेच

हुशार मराठी मुलांना सर्वात मोठ्या शिष्यवृत्त्या जिथे मिळतात त्यातली बरीच विद्यापीठं नेमकी बंदीच्या राज्यांत आहेत. नॅशनल मेरिट (अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची देशव्यापी गुणवत्ता स्पर्धा) फायनलिस्टना अलाबामा विद्यापीठ, ओक्लाहोमातलं टल्सा विद्यापीठ आणि यूटी (टेक्सास विद्यापीठ) डॅलस वर्षानुवर्षं भरघोस सूट देत आले आहेत. फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठंही. टेक्सासमध्ये राहणाऱ्या घराला तर यूटी ऑस्टिनचा थेट प्रवेश (२०२६ च्या तुकडीपासून शाळेतल्या वरच्या ५ टक्क्यांना) आणि राज्याची फी सोडून कॅलिफोर्नियाला जा म्हणणं म्हणजे चार वर्षांत दीड लाख डॉलरहून जास्त भार घे म्हणणं.

आमचं मत असं: कर्ज काढून मोकळ्या राज्यात जाण्यापेक्षा शिष्यवृत्ती घ्यावी आणि तिच्यातले तीन-चार हजार डॉलर या रकान्यासाठी बाजूला ठेवावेत, दोन अपवाद वगळून. ज्या मुलीला आधीपासून गुंतागुंतीचा आजार आहे (मिरगी, हृदयाचे दोष, रक्त गोठण्याचे विकार, ल्युपस) तिच्यासाठी अनपेक्षित गर्भधारणा हा जिवाचा प्रश्न असतो. तिने सीमेपासून दूरचा बंदीतला कॅम्पस टाळावा. दुसरा अपवाद स्त्रीरोगशास्त्राकडे किंवा नर्सिंगकडे जाणाऱ्यांचा. डॉब्सनंतरच्या पहिल्याच फेरीत संपूर्ण बंदीच्या राज्यांतल्या स्त्रीरोगशास्त्राच्या रेसिडेन्सीला (डॉक्टरांच्या पदवीनंतरच्या प्रशिक्षणाला) येणारे अर्ज सुमारे १० टक्क्यांनी घटले, आणि तिथल्या रेसिडेंटना या प्रशिक्षणासाठी राज्याबाहेर जावं लागतं.

हा हिशेब अर्ली डिसिजनच्या आधी करा. तो अर्ज बांधील असतो, मुदत बहुधा १ नोव्हेंबर. निकालानंतर ‘राज्याचा कायदा लक्षात आला नव्हता’ हे बाहेर पडायचं कारण होत नाही. सप्टेंबरमध्ये तक्ता पूर्ण, ऑक्टोबरमध्ये ईमेल. नियमित प्रवेशवाल्यांना १ मेपर्यंत वेळ असतो.

घरात बोलणं आणि निघण्याआधीचे कागद

मुलगा असलेल्या घरांनी हा लेख इथेच मिटू नये. टेक्सासच्या २०२१ च्या कायद्यात मदत करणाऱ्यावर किमान १० हजार डॉलरचा खासगी दावा होऊ शकतो, आणि मित्र, रूममेट, पैसे पाठवणारा हे सगळे त्या व्याख्येत ओढले जाऊ शकतात. टेक्सास टेक विद्यापीठ ज्या लबक काउंटीत आहे, तिने २०२३ मध्ये आपल्या रस्त्यांवरून अशा प्रवासाला मदत करण्याविरुद्ध ठराव केला आहे. दुसऱ्या राज्यात जाणं आणि तिथे कायदेशीर उपचार घेणं मात्र गुन्हा नाही. मार्च २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने अलाबामाला प्रवासाला मदत करणाऱ्यांवर खटले भरण्यापासून रोखलं.

बोलायची सुरुवात पाळी आणि विश्वास यांवरून केली की आपल्या घरांत ती लगेच चौकशी होऊन बसते. विम्यावरून करा. ‘तुझं कार्ड इथे चालतं, इथे चालत नाही, इतक्या मैलांवर हे रुग्णालय आहे, या खात्यात दोन हजार आहेत, कशासाठी वापरलेस ते विचारणार नाही.’ शेवटचं वाक्य म्हणायला जड जातं, पण तेच सर्वात उपयोगी पडतं. लांबचा उपाय हवा असेल तर तांबी किंवा आययूडी जूनमध्ये घरच्या डॉक्टरकडे बसवून घ्यावी, म्हणजे ऑगस्टपर्यंत सुरुवातीचा त्रास ओसरतो.

अठरा पूर्ण झाले की मुलगी बेशुद्ध असली तरी रुग्णालय फोनवर पालकांना काही सांगेलच असं नाही. दोन कागद करून ठेवा: वैद्यकीय माहिती देण्याची संमती (हिपा या आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या संघीय कायद्याखालची) आणि वैद्यकीय निर्णयांचं अधिकारपत्र. घरचं राज्य आणि कॉलेजचं राज्य, दोन्हींच्या नमुन्यात. स्कॅन तिच्या फोनमध्ये आणि तुमच्याकडे. हिपा संमतीत काय दाखवायचं आणि काय नाही हे निवडता येतं, ते तिला ठरवू द्या.

आणि मुलीबद्दलचं या विषयावरचं बोलणं व्हॉट्सॲपच्या घरगुती ग्रुपवर नको, कुठेच लेखी नको. नेब्रास्कात २०२२ मध्ये आई आणि मुलीविरुद्धच्या प्रकरणात पोलिसांनी फेसबुकवरचे त्यांचे खासगी संदेश वॉरंट काढून मिळवले. प्रजनन आरोग्याच्या नोंदींना जादा संरक्षण देणारा २०२४ चा संघीय नियमही टेक्सासमधल्या न्यायालयाने जून २०२५ मध्ये रद्द केला. पाळीची नोंद ठेवणारं ॲप वापरायचं तर माहिती फोनमध्येच ठेवणारं निवडा, किंवा साधी डायरी.

तक्ता एकदा करून विसरायचा नाही. राज्यांचे नवे कायदे बऱ्याच ठिकाणी १ जुलैला लागू होतात, टेक्सासचे बहुतेक १ सप्टेंबरला, आणि मतदानाचे प्रस्ताव नोव्हेंबरमध्ये येतात. मुलगी चार वर्षं तिथे आहे तोवर दर जुलैत, विम्याची मुदत संपण्याआधी, पहिली, तिसरी आणि पाचवी पायरी पुन्हा करा. दवाखानेही बंद होतात, म्हणून शेजारच्या राज्यातल्या ठिकाणाला फोन करून तारखा किती दिवसांनी मिळतात हे दरवर्षी नव्याने विचारा.